घशाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्हीची टेस्ट: बायोप्सीपासून रिपोर्ट हातात येईपर्यंत काय काय बघायचं

मी जळगावात हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणजे बायोप्सीचा तुकडा आला की तो मेणात बसवून त्याचा ब्लॉक करणं, कटिंग, स्टेनिंग हे रोजचं काम. अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा इकडून पेशंटची मुलं-पुतणे येतात, चिठ्ठीवर "पी१६" किंवा "एचपीव्ही स्टेटस" एवढंच लिहिलेलं असतं, आणि विचारतात की ताई कॅन्सर आहे हे तर कळलं ना आता, मग ही परत कसली टेस्ट. एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, घशाचे काही कॅन्सर त्याच्यामुळे होतात, आणि पी१६ ही मागे तो आहे का याचा अंदाज देणारी टेस्ट. काउंटरवर उभ्या उभ्या हे सगळं सांगता येत नाही म्हणून इथे नीट लिहून ठेवतेय. उपचार काय करायचे ते तुमचे ऑन्कोलॉजिस्टच ठरवणार, पण तुकडा, ब्लॉक आणि रिपोर्ट या तीन गोष्टी नातेवाइकांच्या हातातून जातात आणि तिथेच सगळ्यात जास्त गडबड होते.

आधी कॅन्सर नेमका कुठे आहे ते विचारा

आपल्याकडे गालाचा असो, जिभेचा असो, आवाजाच्या पेटीचा असो, घरी सगळे "घशाचा कॅन्सर" असंच सांगतात. एचपीव्हीच्या बाबतीत मात्र जागेवरच सगळं अवलंबून आहे. हा व्हायरस ज्या भागात कॅन्सर करतो त्याला डॉक्टर ओरोफॅरिंक्स म्हणतात, म्हणजे टॉन्सिल, जिभेचा अगदी मागचा भाग, मऊ टाळू आणि तोंड उघडल्यावर समोर दिसणारी घशाची मागची भिंत. त्यातही टॉन्सिल आणि जिभेचं मूळ या दोन जागा मुख्य. कॅन्सर इथे असेल तर प्रत्येक नव्या पेशंटची टेस्ट करावी असं कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सची २०१८ ची गाइडलाइन सांगते, आणि हेड-नेक कॅन्सरमध्ये ती आपल्याकडचे डॉक्टरही मानतात.

गालाचा, हिरडीचा, जिभेच्या पुढच्या भागाचा, स्वरयंत्राचा कॅन्सर असेल तर ही टेस्ट रुटीनमध्ये करायची नसते. खान्देशात तंबाखू, गुटखा, मिसरी, बिडी यामुळे होणारे तोंडाचेच कॅन्सर जास्त येतात आणि त्यात पी१६ करून उपचारात काही फरक पडत नाही, उलट त्या जागी पी१६ पॉझिटिव्ह आला तरी त्याचा अर्थ एचपीव्ही असा लावता येत नाही. म्हणून चिठ्ठीवर नुसतं "थ्रोट" लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना विनंती करा की उजवा टॉन्सिल, डावा टॉन्सिल, जिभेचं मूळ, जे असेल ते स्पष्ट लिहून द्या. पॅथॉलॉजिस्टसमोर मायक्रोस्कोपखाली फक्त पेशी असतात, त्या कुठल्या जागेच्या आहेत हे त्यांना चिठ्ठीवरूनच कळतं.

मानेत फक्त गाठ असेल तर

यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण यात लोकांचे महिनेच्या महिने जातात. एचपीव्हीच्या कॅन्सरमध्ये बऱ्याच वेळा घशात काहीच त्रास नसतो, टॉन्सिलमधली मूळ गाठ बारीक असते आणि पहिलं लक्षण म्हणजे जबड्याच्या कोपऱ्याखाली मानेत आलेली न दुखणारी गाठ. पारोळ्याकडचे एक आबा आले होते, गाठ येऊन बरेच महिने झालेले, घरच्यांनी विचारलं की ते म्हणायचे "दुखस नही ना, मंग कसाले जानं", आणि शेवटी जिथे दाखवलं तिथे सुई न घालताच टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. टीबीची गाठ आपल्याकडे कॉमन आहे हे खरं, पण मोठ्या माणसाच्या मानेत दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली गाठ असेल तर आधी एफएनएसी, म्हणजे सुईची तपासणी, व्हायलाच पाहिजे आणि ईएनटी डॉक्टरांनी दुर्बिणीने घसा बघायला पाहिजे. घसा न बघता "गाठ कापून काढून टाकू" असं कोणी म्हणालं तर थांबा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, कारण अशी गाठ आधीच कापली की नंतरच्या ऑपरेशनचं आणि रेडिएशनचं गणित बिघडू शकतं.

या गाठी पुष्कळदा आतून पाण्याच्या पिशवीसारख्या असतात. सुई घातली की पिवळट पाणी येतं, त्यात पेशी कमी असतात आणि रिपोर्ट "सिस्ट" असा येतो. वय चाळिशीच्या पुढे असेल तर एवढ्यावर समाधान मानू नका, सोनोग्राफी बघत गाठीच्या घट्ट भागातून परत सुई घाला असं सांगा, किंवा जाड सुईची कोअर बायोप्सी करा.

एफएनएसी करताना अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवायची: सेल ब्लॉकसाठी, म्हणजे सुईतल्या पेशी गोळा करून मेणात बसवायला, मटेरियल ठेवा. काचेवर पसरवलेल्या स्मिअरवर कॅन्सर ओळखता येतो पण पुढच्या टेस्टसाठी सेल ब्लॉक लागतो. सेल ब्लॉकवर पी१६ करता येतो, मात्र तिथे किती टक्के म्हणजे पॉझिटिव्ह याची सगळ्यांनी मान्य केलेली रेषा नाही, त्यामुळे सुईच्या मटेरियलवर निगेटिव्ह आलं तर विषय संपला असं समजू नका, टिश्यू मिळाला की परत करायचं असतं.

गाठ मानेत कुठे आहे त्यानेही फरक पडतो. जबड्याखाली वरच्या भागात असेल तर लेव्हल दोन, त्याच्या खाली मधल्या भागात असेल तर लेव्हल तीन. या दोन लेव्हलमध्ये नेहमीच्या एचपीव्हीसारख्या दिसणाऱ्या पेशी असतील आणि पी१६ पॉझिटिव्ह असेल तर मूळ गाठ ओरोफॅरिंक्समध्ये असणार असं धरून शोधाशोध होते. गाठ दुसऱ्या लेव्हलला असेल किंवा पेशी केराटिनायझिंग, म्हणजे कातडीसारखं केराटिन बनवणाऱ्या, दिसत असतील तर नुसत्या पी१६ वर विसंबायचं नाही, खुद्द व्हायरसची टेस्ट करायची, कारण चेहऱ्याच्या-डोक्याच्या कातडीचा कॅन्सर मानेत उतरला तरी तो पी१६ पॉझिटिव्ह येऊ शकतो.

तुकडा काढल्यावर पहिला अर्धा तास

बायोप्सीचा तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे, दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, आणि तुकड्याच्या निदान दहापट. सलाईनमध्ये नको, स्पिरिटमध्ये नको, साध्या पाण्यात तर अजिबात नको. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि अशा वेळी सलाईनच्या बाटलीतला तुकडा पिशवीत घालून एसटीने तीन तास प्रवास करून येतो तेव्हा तो काळपट, लिबलिबीत झालेला असतो, अशा तुकड्यावर साधं निदान करायचीही मारामार होते, पी१६ आणि आरएनएच्या टेस्ट तर लांबच. बायोप्सी होताना तुम्ही बाहेर बसलेले असता, तिथल्या सिस्टरला नम्रपणे विचारा की फॉर्मॅलिनमध्येच टाकलंय ना. विचारण्यात काही गैर नाही.

डबीवर, झाकणावर नाही तर डबीच्या अंगावर, पेशंटचं पूर्ण नाव, वय, कुठल्या बाजूचा कुठला भाग आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहिलेली असावी. झाकणं काढून ठेवताना बदलतात म्हणून हे सांगतेय. साधारण सहा तास ते दोन दिवस फॉर्मॅलिनमध्ये राहिला तर टिश्यू चांगला तयार होतो. दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर डबी घरात पडून राहिली तर डीएनए-आरएनए खराब होतो, तेव्हा बायोप्सी शनिवारी असेल तर लॅब सुरू आहे का ते आधी फोन करून विचारून घ्या.

पी१६ म्हणजे काय आणि तो कसा वाचायचा

आधी साध्या गुलाबी-जांभळ्या स्टेनवर, म्हणजे एच अँड ई स्लाइडवर, कॅन्सर आहे आणि तो स्क्वॅमस सेल प्रकारचा आहे हे पक्कं होतं. त्यानंतर त्याच ब्लॉकमधून चार मायक्रॉनचा पातळ काप घेऊन त्यावर पी१६ ची इम्युनो टेस्ट करतात, लॅबमध्ये आम्ही आयएचसी म्हणतो.

पी१६ हा व्हायरस नाही, ते आपल्याच पेशीतलं प्रोटीन आहे, पेशीची वाढ थांबवणारं. एचपीव्ही पेशीत शिरून स्वतःची दोन प्रोटीन बनवतो, ई६ आणि ई७. ई६ पेशीतल्या पी५३ चा नाश करतो आणि ई७ हा आरबी नावाच्या प्रोटीनला निकामी करतो. आरबी निकामी झाला की पेशी पी१६ वाढवत जाते, पण थांबत काही नाही, सायकलच्या ब्रेकची वायर तुटलीय आणि माणूस मूठ आवळतच जातोय तसं. म्हणून पेशीत पी१६ चा साठा दिसला की मागे एचपीव्ही असण्याची शक्यता मोठी, आणि घशातल्या एचपीव्ही पॉझिटिव्ह कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा तो टाइप १६ असतो. (पी१६ मधला सोळा आणि टाइप १६ मधला सोळा यांचा एकमेकांशी संबंध नाही, लोक इथे हमखास गोंधळतात.)

स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली की खऱ्या पॉझिटिव्हमध्ये कॅन्सरच्या पेशींचे पुंजके सलग गडद तपकिरी दिसतात, पेशीचं केंद्रकही तपकिरी आणि भोवतालचा भागही, आणि मधल्या लिम्फोसाइट्स, म्हणजे पांढऱ्या पेशी, निळ्याच राहतात. नॉर्मल टॉन्सिलच्या खाचांमधल्या पेशीही थोड्या ठिकठिकाणी रंगतात, पण त्या तुटक, अशा सलग नाहीत. रेषा अशी आहे: कॅन्सरच्या निदान ७०% पेशींमध्ये केंद्रक आणि सायटोप्लाझम (केंद्रकाभोवतालचा भाग) दोन्हीत मध्यम ते गडद रंग आला तरच पॉझिटिव्ह. चाळीस-पन्नास टक्के तुटक रंगलेलं असेल तर ते पॉझिटिव्ह नाही.

त्यामुळे रिपोर्टमध्ये नुसतं "पी१६ पॉझिटिव्ह" असं एका ओळीत असेल तर लॅबला फोन करून विचारा की किती टक्के, रंग किती गडद, केंद्रकात आहे का, कुठला क्लोन वापरला आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी सोबत रंगवलेली स्लाइड, बरोबर आला का. क्लोन म्हणजे अँटीबॉडीचा प्रकार, यासाठी ई६एच४ हा सगळ्यात जास्त वापरला गेलेला. चांगली लॅब हे सगळं विचारल्यावर रागावत नाही, रिपोर्टमध्ये जोडून देते.

पी१६ नंतर व्हायरसची टेस्ट लागते का

टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाचा कॅन्सर, पेशी नेहमीच्या नॉन-केराटिनायझिंग दिसणाऱ्या, पी१६ स्पष्ट पॉझिटिव्ह, तर बऱ्याच ठिकाणी इथेच थांबतात. स्टेजिंगही पी१६ वरच चालतं. पण माझं मत असं की आपल्याकडे थोडं जास्त सावध राहायला हवं आणि त्याला कारण आहे. २०२३ मध्ये एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला, ७,६०० च्या वर पेशंटचा, त्यात सुमारे ९% लोकांमध्ये पी१६ एक सांगत होता आणि एचपीव्हीची टेस्ट दुसरंच. दोन्ही पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे ८१% हयात होते, दोन्ही निगेटिव्ह असलेल्यांपैकी सुमारे ४०%, आणि ज्यांचं एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह ते मध्येच, ५३ ते ५५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नुसता पी१६ पॉझिटिव्ह बघून "हा चांगला प्रकार आहे" असं सांगितलेल्या काही पेशंटचं चित्र तितकं चांगलं नसतं. आणि ज्या भागात एचपीव्हीमुळे होणारे घशाचे कॅन्सर कमी, तिथे पी१६ पॉझिटिव्ह पण व्हायरस नाही असं निघण्याचं प्रमाण जास्त. आपल्याकडे तंबाखूच मोठं कारण आहे, तेव्हा हे आपल्याला लागू होतं.

म्हणून पेशंट वर्षानुवर्षं बिडी-तंबाखू घेणारा असेल, पेशी केराटिनायझिंग असतील, पी१६ रेषेच्या आसपास असेल किंवा एखाद्या क्लिनिकल ट्रायलचा विषय निघाला असेल तर डॉक्टरांना दुसऱ्या टेस्टबद्दल जरूर विचारा. पर्याय मुख्य तीन. पीसीआरने डीएनए शोधणं, ही पटकन होते आणि बारीकसा व्हायरसही पकडते, पण तोच तिचा दोष, कॅन्सरशी संबंध नसलेला, नुसता तिथे असलेला व्हायरसही पॉझिटिव्ह दाखवते. डीएनए इन-सिटू, म्हणजे कापावर पेशीच्या आतच व्हायरस शोधणं, ज्यात केंद्रकात ठिपके दिसतात, खोटं पॉझिटिव्ह कमी पण काही केसेस सुटतात. आणि ई६-ई७ चा आरएनए इन-सिटू, जो व्हायरस नुसता आहे एवढंच नाही तर काम करतोय हे कॅन्सरच्या पेशीतच दाखवतो, परवडत असेल आणि उपलब्ध असेल तर हाच मागा. गर्भाशयमुखाच्या स्वॅबसाठी बनवलेलं एचपीव्ही किट घशाच्या ब्लॉकवर चालवून कोणी रिपोर्ट देत असेल तर त्या लॅबने ते टिश्यूसाठी तपासून घेतलंय का हे विचारा.

ब्लॉक मुंबई-नाशिकला नेताना

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आधी तिथल्या पॅथॉलॉजी विभागात चौकशी करा की पी१६ इथे होतो का. नसेल तर सॅम्पल नाशिक, पुणे, मुंबईला जातं. टेस्टचा खर्च योजनेत बसतो का हे महात्मा फुले योजनेच्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला टेस्ट करण्याच्या आधी विचारा, नंतर विचारून उपयोग होत नाही.

बरेच जण पुढे टाटाला परळला जातात, आणि नुसता रिपोर्ट घेऊन जातात. तिथे परत बघायला स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही लागतात, नसले की परत भुसावळची गाडी पकडा, परत या, किंवा परत बायोप्सी. हे टाळण्यासाठी निघायच्या आधी लॅबमध्ये अर्ज द्या: मूळ ब्लॉक, एच अँड ई स्लाइड, आयएचसी केली असेल तर त्या स्लाइड आणि सहीचा रिपोर्ट. लॅब तुमची सही घेऊन देते, ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच जुळवून बघा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आरएनएची टेस्ट करायची असेल तर आधीच कापून ठेवलेल्या जुन्या स्लाइड पाठवू नका, ब्लॉकच पाठवा, तिथे ताजे काप घेतात.

ब्लॉक म्हणजे मेण. साठ अंशांच्या आसपास ते वितळतं, आणि उन्हात बंद उभ्या गाडीत डॅशबोर्डवर तेवढं सहज तापतं. छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत, मग कापसात, मग थर्माकोलच्या डब्यात ठेवा आणि तो डबा हातातल्या बॅगेत. बर्फ नको. काचेच्या स्लाइड वेगळ्या, स्लाइडच्या डबीतच.

आणि टेस्ट चालू असताना बाकीचं थांबवू नका, सीटी-एमआरआय, दातांची तपासणी, ॲडमिशनचे कागद हे सगळं त्याच दिवसांत करून घ्या.

रिपोर्ट आल्यावर

पहिला गोंधळ स्टेजचा होतो. समजा टॉन्सिलची गाठ टी२, म्हणजे दोन ते चार सेंटिमीटरची, आहे आणि त्याच बाजूला मानेत दोन-तीन गाठी, सहा सेंटिमीटरपेक्षा लहान. पी१६ निगेटिव्ह असेल तर ही स्टेज चार-ए. पी१६ पॉझिटिव्ह असेल तर हीच स्टेज एक. एजेसीसी या अमेरिकन संस्थेच्या स्टेजिंगच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, पी१६ पॉझिटिव्ह घशाच्या कॅन्सरचं स्टेजिंग वेगळं झालंय. धुळ्यात चौथी सांगितली आणि मुंबईत पहिली, म्हणजे कोणीतरी फसवतंय, असं समजून घरात भांडणं होतात. तसं काही नसतं, बहुतेक वेळा मध्ये पी१६ चा रिपोर्ट आलेला असतो.

दुसरं, पॉझिटिव्ह आलं म्हणून उपचार कमी करा असा आग्रह धरू नका. पॉझिटिव्ह कॅन्सर रेडिएशन-केमोला चांगला प्रतिसाद देतो हे खरं, पण सिस्प्लॅटिन या नेहमीच्या केमोऐवजी सेटुक्सिमॅब हे दुसरं औषध देऊन त्रास कमी करता येईल का हे दोन मोठ्या ट्रायलमध्ये तपासलं होतं, निकाल २०१८ च्या शेवटी आले, आणि दोन्हींत सेटुक्सिमॅबवाले पेशंट मागे पडले. ट्रायलच्या बाहेर कोणी डोस किंवा केमो कमी करायचं म्हणत असेल तर कारण विचारा, आणि किडनी, कान, वय असं काही ठोस कारण असेल तर ते डॉक्टर सांगतीलच.

तिसरं, तंबाखूचा खरा आकडा सांगा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात एचपीव्ही पॉझिटिव्ह पेशंटपैकी तीन वर्षांनी ८२% हयात होते आणि निगेटिव्हपैकी ५७%, पण पॉझिटिव्ह असूनही ज्यांचं स्मोकिंग दहा पॅक-वर्षांपेक्षा जास्त होतं, म्हणजे रोज वीस सिगारेटच्या हिशोबाने दहा वर्षं, त्यांचा फायदा कमी झाला. बायको-सून समोर बसली म्हणून नाना म्हणतात "कधीतरी एखादी", आणि डॉक्टर तेच लिहून घेतात. डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या त्यांना.

घरात काय बोलायचं

एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो हे मोबाईलवर वाचलं की घरात एकदम शांतता होते, आणि मग संशय. मी काउंटरवर एका मावशींना रिपोर्ट हातात धरून रडताना बघितलंय, आजाराची भीती बाजूलाच, नवरा कुठे गेला होता हाच प्रश्न. हे कृपा करून नीट समजून घ्या. हा व्हायरस इतका कॉमन आहे की बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी लागतो, बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, आणि थोड्यांच्यात राहून कित्येक वर्षांनी कॅन्सर करतो. तो कोणाकडून आला, कधी आला, लग्नाआधी की नंतर, हे जगातली कुठलीही टेस्ट सांगू शकत नाही. पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे बाहेरख्यालीपणाचा पुरावा नाही. ताट-वाटी, टॉवेल वेगळा करायची गरज नाही, नातवंडांना जवळ घ्यायला हरकत नाही. पत्नीने गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी करून घ्यावी, ती तशीही प्रत्येक बाईने करायचीच असते, घशासाठी वेगळी टेस्ट लागत नाही.

कशावर पैसे घालवू नका

गुळण्या करून किंवा थुंकीतून एचपीव्ही शोधायची टेस्ट निरोगी माणसाने करून घेऊ नये, पॉझिटिव्ह आली तरी त्यावर करण्यासारखं काही नसतं. लो-रिस्क, म्हणजे सहसा कॅन्सर न करणाऱ्या, टाइपची टेस्ट इथे लागत नाही. मूळ गाठीवर एकदा नीट टेस्ट झाली असेल तर मानेतल्या गाठीवर परत तीच करायची सहसा गरज नसते. रक्तातून ट्यूमरचा एचपीव्ही डीएनए मोजायची टेस्ट परदेशात उपचारानंतरच्या फॉलोअपसाठी वापरात येतेय, पण ती बायोप्सीच्या जागी चालत नाही.

कॅन्सर झाल्यावर एचपीव्हीची लस घेऊन तो बरा होत नाही. लस मुलांसाठी आहे, नऊ वर्षांपासून पुढे, मुली आणि मुलगे दोघांनाही देता येते, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते आणि तिच्यात टाइप १६ आहे. नऊ ते चौदा या वयात दोन डोस पुरतात, पंधराच्या पुढे तीन लागतात, तेव्हा घरात त्या वयाची मुलं असतील तर बालरोगतज्ज्ञांशी आत्ताच बोला.